सिग्नल दोघांनी म्हणायचा

८ फेब्रुवारी

भोपाळला सुखरूप पोहोचलो. स्टेशन इतकं चकचकीत झालंय की क्षणभर वाटलं, चुकून विमानतळावर उतरलो. पाटीवर राणी कमलापती असलं तरी रिक्षावाला हबीबगंजच म्हणाला. माझ्या मुलाचा, आशयचा फ्लॅट जवळच, दुसऱ्या मजल्यावर. गाड्यांचे भोंगे घरात ऐकू येतात. त्याने मुद्दाम असंच घर शोधलं असणार.

खाली घरमालकीण मंदाकिनीबाई राहतात. नागपूरची सरकारी कचेरी इकडे हलली तेव्हा त्यांचे सासरे आले, ते इथलेच झाले. पिशव्या ठेवतो न ठेवतो तोच पोहे-जिलबीची ताटली घेऊन वर आल्या. मी जिलबी बाजूला सारली तर म्हणाल्या, भाऊ, इथे दोन्ही साथ में खातात, तोंड वाकडं केलं तर भाडं वाढवीन. खूप दिवसांनी हसलो.

फ्लॅट उन्हाळ्यापर्यंत ठेवणार आहे. आशयचं काम पुरं करायचं आहे. संगणकावर रेल्वे चालवण्याचे जे खेळ असतात, त्यांची आणि त्यांना जोडायच्या नव्या मार्गांची, इंजिनांची परीक्षणं तो एका वेबसाइटवर लिहायचा. काही राहून गेली आहेत. मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेला माणूस, पण हे खेळ मला अनोळखी नाहीत. दर रविवारी तो इथे गाडी चालवायचा आणि मी नागपुरात फोनवर त्याची स्क्रीन बघायचो. तो ड्रायव्हर, मी असिस्टंट. खऱ्या इंजिनात सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो परत म्हणायचा. मी "हिरवा" म्हणालो की तिकडून "हिरवा". दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर लाल समजून गाडी उभी करायची. हा नियम त्यानेच शिकवला.

आशयची आई मंगला गेल्यापासून माझ्या घरात दुसरा आवाज तेवढाच होता.

१३ फेब्रुवारी

महाराणा प्रताप नगरात वेबसाइटच्या ऑफिसात जाऊन आलो. संपादक शिल्पा आशयच्याच वयाची. आधी जरा अवघडली, मग कॉफी मागवली आणि म्हणाली, काका, आशय लिहायचा तसं कडक लिहा, कंपनीला लागलं पाहिजे. भोपाळ–इटारसी हा नवा मार्ग माझ्याकडे आला आहे. चालवतानाचं रेकॉर्डिंगही द्यायचं.

आज दुपारी पहिली फेरी केली. आशयची खुर्ची मला थोडी उंच होते. समोर भिंत, पाठीमागे आतल्या खोलीचं दार. त्या खोलीत त्याचे कपडे आहेत, अजून हात लावलेला नाही.

मार्ग बरा आहे. बरखेड्यापुढचा घाट मन लावून केलाय, सागाची पानगळसुद्धा आहे. इंजिनाचा भोंगा मात्र आपल्याकडचा नाही. आणि मिसरोदच्या फलाटावर प्रत्येक बाकावर एकच माणूस बसवलाय, तोच शर्ट, तीच पिशवी. आशयने यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला असता.

सवयीने सिग्नल मोठ्याने म्हणत होतो. उत्तर नसलं की हाक अर्धीच राहते.

१७ फेब्रुवारी

या मार्गाची एक गोष्ट फार आवडली. इंजिनातल्या दुसऱ्या माणसाचा आवाज दिलाय. ओबेदुल्लागंजच्या अलीकडे मी "पिवळा" म्हणालो आणि मागून शांतपणे "पिवळा" आलं. मराठीत. कंपनीने एवढा विचार केला याचं नवल वाटलं. परीक्षणात तसं लिहून पाठवलं.

आज जेवण चांगलं गेलं.

२० फेब्रुवारी

शिल्पाचा फोन आला. काका, कुठला आवाज? या ऍड-ऑनमध्ये माणसाचा आवाजच नाही, मराठी तर लांबची गोष्ट. रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुम्ही आहात. एक हाक देता आणि मग थांबता, कुणी बोलत असल्यासारखे. ते रिकामे तुकडे मला कापत बसावे लागतात.

मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. ती म्हणते ते खरं आहे.

स्पीकर स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना आहेत, हेही आज लक्षात आलं. आवाज मागून येतो. आतल्या खोलीतून.

घाबरायला हवं होतं. मी दुपारची वाट पाहिली.

२४ फेब्रुवारी

आशय असेल तर कळेल, असं ठरवलं. मी रंग चुकवला की तो मला नेहमी एकच वाक्य ऐकवायचा. ते आमच्या दोघांतलं आहे, इथे लिहीत नाही. आज मुद्दाम चुकलो. सिग्नल हिरवा होता, मी "लाल" म्हणालो आणि थांबलो.

मागून "लाल" आलं. तेवढंच. वाक्य नाही, हसणं नाही. आणि नीट ऐकलं तर तो आवाज आशयचा नव्हता. माझाच होता, थोडा कोवळा केलेला.

खेळ बंद केला. परीक्षण थांबवतो असं शिल्पाला कळवलं. ती म्हणाली, काका, आराम करा.

२८ फेब्रुवारी

खेळ बंद आहे. संगणकाची वायरही काढली आहे.

दुपारी भाजी चिरत होतो, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला. या वेळी हाक आधी त्याची. "हिरवा."

वळून पाहिलं. खोलीत अंधार, पडदे ओढलेले, आणि दूरच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा. मी न ठरवताच "लाल" म्हणालो. सगळं शांत झालं.

चार्जर असेल म्हणून आत गेलो. भिंतीत काहीच लावलेलं नव्हतं.

२ मार्च

रोज येतो. रोज "हिरवा" म्हणतो. मी "लाल" म्हणतो. फरक पडला की थांबायचं, हा नियम त्यालाही लागू आहे. थांबतो.

पण मागे जात नाही. दिवा आज कपाटाच्या अलीकडे होता.

४ मार्च

मंदाकिनीबाईंनी जिन्यात अडवलं. भाऊ, दुपारभर लाल-लाल काय ओरडता, ट्रॅफिक पोलिसात भरती झालात का? मग आवाज उतरवून म्हणाल्या, एकटं नका राहू, खाली या जेवायला. कामाचा भाग आहे, असं सांगून वर आलो. बाई मायाळू आहेत. त्यांना काय सांगणार?

आशय गेला त्या चौकात सिग्नल हिरवा होता. तो नियमानेच निघाला होता. ट्रक आडवा आला. पोलिसांनी कागदावर तसंच लिहिलंय.

म्हणूनच मी हिरवा म्हणत नाही.

५ मार्च

नागपूरचं तिकीट काढलं.

रद्द केलं. तिथे कोण हाक देणार? हा आशय नाही, मला माहीत आहे. तरी दुपारी कुणीतरी बोलतं. हे लिहायची लाज वाटते.

दिवा दारात आहे.

७ मार्च

आज बोलला नाही. दुपार गेली, ऊन उतरलं, तरी नाही. घर इतकं गप्प की मलाच रडू आलं. आशयची आठवण अनावर झाली. ते वाक्य निदान कागदावर तरी दिसावं, म्हणून लिहितो. मी रंग चुकवला की तो म्हणायचा, "बाबा, चष्मा पुसा."

लिहिलं. बरं वाटलं.

मागे खुर्चीजवळ काहीतरी—

नाही. काही नाही.

८ मार्च

दिवा उंबरठ्याच्या अलीकडे. खोलीत नाही आता, इथे आहे. "हिरवा" म्हणाला. मी "लाल" म्हणालो. थांबला. माझ्या पाठीशी थांबला.

लिहिताना वहीवर सावली पडते. माझी नाही, ऊन बाजूच्या खिडकीतून येतंय.

तो वाचतो—

९ मार्च

खाली जायचं ठरवलं. बाहेरचं दार त्याच्या पलीकडे आहे.

"हिरवा."

लाल. लाल म्हणालो.

मग तो म्हणाला— आशयच्या आवाजात, अगदी तसाच, शेवटी हसू दाबलेलं—

बाबा, चष्मा पुसा.

वहीतून घेतलंय. परवा मीच लिहिलं. मला माहीत आहे. पण तो हसला तसाच. हसू मी लिहिलं नव्हतं—

चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. घातला.

मागे वळलो आहे. दिवा हाताच्या अंतरावर. लाल होता. आता नीट दिसत नाही, डोळ्यांत पाणी— कदाचित मीच इतके दिवस चुकत—

पुन्हा हाक दिली त्याने. उत्तराची वाट बघतोय. किती दिवसांनी कुणी माझ्या—

हो रे. म्हणतो. हिर