गोहलपुरच्या अडुळशाची पानं

३ फेब्रुवारी, सोमवार
आकडा बरोबर आहे! तीनदा काढला. गोहलपुरच्या अडुळशाच्या अर्कात अल्कलॉइड १.२ टक्के — नर्मदाकाठच्या पानांइतकंच. लॅबमधल्या सीनियर गौरांगदादाच्या थिसिसमध्ये हेच ०.७ आहे आणि कारण दिलंय माती. पण झुडूप तेच, माती तीच! कारण दुसरंच आहे. मी शोधणार.

४ फेब्रुवारी
एकाच झुडपाची पानं, एकाच सकाळी खुडली. अर्धी सावलीत पसरली, अर्धी ओव्हनमध्ये, सत्तर डिग्रीवर.

१३ फेब्रुवारी
सावलीतली १.२. ओव्हनमधली ०.७!! उष्णतेनं अल्कलॉइड गेलं. म्हणजे दादाची गोहलपुरची पानं कोणीतरी ओव्हनमध्ये भाजली, नर्मदाकाठची मात्र सावलीत वाळली. त्याचा अख्खा तिसरा चॅप्टर कोसळतो. लॅबमध्ये एकटीच नाचले.

१४ फेब्रुवारी
आई — "आधी त्याच्याशी बोल ना. सरांकडे जायची काहून घाई करून राहिली?" दादाचा व्हायव्हा पंचवीसला आहे. त्याला सांगितलं तर तो सारवासारव करेल. नाही, सरांकडेच जाणार, आमच्या दोघांचे गाइड तेच. चूक ती चूक.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सरांना दोन्ही आलेख दाखवले. ते कितीतरी वेळ चष्मा पुसत होते. मग, "बिलकुल सही है, मैत्रेयी." व्हायव्हा पुढे ढकलला!
दादाला बोलावलं. मला वाटलं होतं भांडेल. आलेख बघून एवढंच म्हणाला, "हो, ओव्हनच." पानं कोणी वाळवली, असं सरांनी दोनदा विचारलं. "थिसिस माझा आहे सर, जबाबदारी माझी." मार्चपासूनची नोकरी ठरली होती त्याची, पीएचडी हातात आली तरच. ते त्याने सांगितलंच नाही. मला माहीत होतं, मीही सांगितलं नाही.
जिन्यात म्हणाला, "छान काम केलंस." मी थँक्यू म्हटलं. जिंकले!

१८ फेब्रुवारी
सरांसाठी जुनं वाळवणीचं रजिस्टर शोधलं. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. "अडुळसा, गोहलपुर. पावसामुळे पानं वाळत नाहीत, बुरशी धरतेय. ओव्हनमध्ये ठेवली, ७०." दादा तेव्हा आठवडाभर गावी होता. खाली सही — माझी. एमएस्सीला होते, त्याच्या हाताखाली.
त्याच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं.
ते पान उघडं ठेवून रजिस्टर सरांच्या टेबलावर ठेवलं. आता नेपियर टाउनला, दादाच्या घरी जाते.