अर्जदार लेकीच्या घरी रिकामटेकडाच होता याबाबत

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
कुटुंबभेट विभाग,
परदेशी वकिलात, कोलकाता.

अर्जदार : श्यामकांत वामन टिपणीस, खिदिरपूर गोदीतील कचेरीतून निवृत्त मुख्य लिपिक, रा. बेहाला, कोलकाता.

विषय : मागील मुक्कामानंतर लगेच मागितलेला कुटुंबभेट व्हिसा नाकारल्याबद्दल फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे गेल्या महिन्याचे नकारपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की,

१. हा अर्ज मराठीत आहे. आपल्या दारावरच्या फलकाप्रमाणे कोणत्याही भारतीय भाषेतला अर्ज चालतो व भाषांतर आपले कार्यालय करून घेते. मागचा अर्ज सियालदहजवळच्या दिलीप साहा या एजंटाने इंग्रजीत लिहिला होता. आपल्या देशातील सरोवरे पाहण्याची अर्जदारास लहानपणापासून ओढ आहे, असे त्यात घुसडले होते. अर्जदाराची सारी नोकरी कोलकात्यात गेली आणि त्याने अजून दार्जिलिंगसुद्धा पाहिलेले नाही. सरोवरे घेऊन तो काय करणार? पण असेच लिहावे लागते, असे साहाबाबूंनी सांगितले आणि अर्जदाराने खाली मुकाट सही ठोकली. त्या सहीची त्याला आजही शिसारी येते.

२. वस्तुस्थिती अशी. अर्जदाराची एकुलती मुलगी नूपुर आपल्या देशात पती उन्मेष व लहान मुलासह राहते. गेल्या वर्षी तिच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा अर्जदार व त्याची पत्नी सौ. शकुन तिच्याकडे गेले, सहा महिने राहिले आणि मुदत संपण्याआधी परत आले. बॅगा माळ्यावर चढतात न चढतात तोच नूपुरचा फोन आला, की कण्यात बसवलेला स्क्रू सैल झाला असून पाठ पुन्हा उघडावी लागणार आहे. त्यानंतर कित्येक आठवडे तिला अंथरुणावरून हलायचे नाही. जावई नोकरी सोडून घरी बसू शकत नाही आणि मूल अजून बाटलीने दूध पिते. इतक्या लवकर पुन्हा कशासाठी, असे आपल्या खिडकीवर विचारण्यात आले. स्क्रूला आपल्या कार्यालयाचे नियम ठाऊक नव्हते, याखेरीज अर्जदारापाशी उत्तर नाही.

३. मुलाखतीस पती-पत्नींना वेगवेगळ्या खिडक्यांवर बोलावण्यात आले. मध्ये हिंदी बोलणारा दुभाषा होता. मागच्या खेपेस तेथे काय केलेत, असे अर्जदारास विचारले गेले. येथे आमच्याकडची एक रीत सांगणे भाग आहे. लेकीच्या घरी बसून खाणे आमच्यात कमीपणाचे मानतात. अर्जदाराचे वडील तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी जेवलेच नाहीत. तिच्याकडे जाताना घरून दशम्या बांधून नेत आणि तिच्याच ओट्यावर बसून त्या खात. अर्जदार इतका कर्मठ नाही. तरी तो प्रश्न ऐकून त्यास वाटले, की म्हातारा जावयाच्या जिवावर जगला का, हेच हे लोक विचारत आहेत. अंगाचा तिळपापड झाला. त्याने ताठ मानेने सांगितले, "मी फुकट खाल्लेलं नाही. कुंपण रंगवलं, नळ दुरुस्त केला, नातवाला सांभाळलं. सहा महिने ते घर मीच चालवलं." समोरच्या साहेबांनी ते शब्दन्‌शब्द टिपून घेतले. साहेब कौतुकाने टिपत आहेत अशी अर्जदाराची समजूत झाली होती.

४. शेजारच्या खिडकीवर सौ. शकुन यांना तोच प्रश्न विचारला गेला. त्यांनी पदर सावरून सांगितले, "काही नाही. लेकीपाशी होते." त्यांना व्हिसा मिळाला. अर्जदारास नकारपत्र मिळाले. त्याने तेथे बिनपगारी घरकाम व मुलाचा सांभाळ केला, हे पाहुण्याचे लक्षण नव्हे, आणि तो लगोलग परत जाऊ पाहतो त्याअर्थी त्याच कामासाठी जात असावा, असा त्या पत्राचा आशय आहे.

५. महोदय, अर्जदारास या सर्व प्रकाराचा वीट आला आहे. आपल्या प्रतीक्षागृहात अर्जदारासारखी म्हातारी माणसे बसलेली असतात आणि स्वतःच्या मुलांची फारशी ओढ नाही हे कसे सांगायचे याची तालीम करत असतात. माया जास्त दिसली तर हे तिथेच राहतील असा संशय येतो म्हणे. एक बंगाली आजी मुलाचा फोटो पर्समध्ये दडवत होत्या. चुकून हाती लागला तर डोळे भरतील आणि काम बिघडेल, असे त्या शेजारणीला सांगत होत्या. अर्जदाराने गोदीच्या कचेरीत आयुष्य काढले, लाचखाऊ पाहिले, चोर पाहिले, पण आईबापांना असे कोरडे दिसण्याची शिकवणी लावलेली कोठे पाहिली नव्हती. ज्याने ती सुरू केली त्याचा आणि जे ती घेतात त्यांचा, दोघांचाही तिटकारा येतो. अर्जदारही ती घेत आहे.

६. तरी गरजवंताला अक्कल नसते. सबब अर्जदार येथे खरे ते लिहून देतो, की त्याने आपल्या देशात कोणतेही काम केलेले नाही. कुंपणाच्या दोन फळ्या रंगवून होताच त्याची कंबर धरली. उरलेले कुंपण शेजारच्या गृहस्थांनी दया येऊन रंगवले. नळ आधी नुसता ठिबकत होता. अर्जदाराने पाना लावल्यावर तो धो धो वाहू लागला आणि प्लंबर बोलवावा लागला. नातवास ढकलगाडीत घालून त्याने एकदाच बाहेर नेले, तेव्हा रस्ता चुकला आणि जावयास ऑफिस सोडून दोघांना हुडकायला यावे लागले. त्यानंतर ढकलगाडीला हात लावण्याची अर्जदारास मनाई होती. एरवी तो खिडकीशी बसून मराठी बातम्या पाहत असे आणि चहा कधी होतो याची वाट पाहत असे.

७. साहाबाबूंच्या सल्ल्यावरून अर्जदाराने जावयाकडून तसा दाखलाही मागवला. माझे सासरे घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत, ताट वाढलेले हातात लागते आणि खरकटे ताट उचलायचे त्यांना सुचत नाही, असे उन्मेष यांनी सहीनिशी लिहून पाठवले. मागणी केली त्याच संध्याकाळी दाखला आला. इतक्या तत्परतेने जावयाने अर्जदाराचे आजवर एकही काम केलेले नाही. वाचून लाज वाटली आणि मग स्वतःचीच किळस आली, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

८. आता आपण विचाराल, की अर्जदार खिडकीशी बसून होता तर नूपुरला कुशीवर कोण वळवत होते, तिला अंघोळ कोण घालत होते, केस कोण विंचरत होते, नातवाला मऊ भात कोण भरवत होते आणि त्या चहाचे आधण कोण ठेवत होते. जावई सकाळी जाई तो दिवेलागणीला येई. घरात आणखी एकच

(येथून पुढील दोन ओळी अर्जदाराने स्वतः खोडल्या असून बाजूस सही केली आहे.)

९. महोदय, नोकरीत असताना अर्जदाराने कधी कागद फाडून नवा घेतला नाही. चूक झाली की खाली दुरुस्ती लिहायची आणि सही करायची, ही जुनी सवय आहे. त्याप्रमाणे ही दुरुस्ती. वरचा प्रश्न लिहीपर्यंत अर्जदारास तो कधी पडला नव्हता. सहा महिने तेथे राहून पडला नाही आणि त्याआधीच्या साऱ्या संसारातही पडला नाही. ताट समोर येत होते. सौ. शकुन खिडकीवर खोटे बोलल्या नाहीत. त्या जे करतात त्याला काम म्हणतात हे त्यांना कोणी कधी सांगितलेलेच नाही; ज्याने सांगायचे तो मराठी बातम्या पाहत होता. आपल्या खात्याने मात्र त्याला बिनपगारी घरकाम असे नाव दिलेले आहे आणि त्या नावावर नकार मिळतो, हे अर्जदाराच्या हातातले पत्रच सांगते.

१०. तेव्हा अर्जदार लिहून देतो, की परिच्छेद ६ व ७ पूर्णपणे खोटे असून ते रद्द समजावेत. मुलाखतीत सांगितले तेच खरे. ते घर अर्जदारानेच चालवले. नूपुरला त्यानेच उठवले, त्यानेच बसवले, तिची वेणी घातली, ती दुखण्याने रडली तेव्हा तिचे डोके मांडीवर घेतले. सकाळी कणीक त्यानेच मळली आणि नातवाचे लंगोट त्यानेच धुतले. सौ. शकुन तेथे शुद्ध पाहुण्या होत्या. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसत आणि बागेतली फुले पाहत. आपल्याला काय उमजायचे ते उमजेलच. पण कचेरीत कागदावर असेल तेच खरे असते, हे आपण जाणता आणि अर्जदारही जन्मभर तेच करत आला.

११. सौ. शकुन येत्या आठवड्यात एकट्याच निघत आहेत. गोरियाहाटच्या बाजारापलीकडे त्या एकट्या कधी गेलेल्या नाहीत, इंग्रजी त्यांना येत नाही, आणि मध्ये विमान बदलायचे आहे. काल अर्जदाराने जमेल का असे विचारले, तेव्हा त्या मेथीचे लाडू डब्यात भरत होत्या. त्या म्हणाल्या, "न जमून सांगते कुणाला? तिला उठवायचं कोण?"

सबब विनंती, की अर्जदाराचा व्हिसा त्याने केलेल्या वरील कामांच्या कारणास्तव कायमचा नाकारण्यात यावा, आणि सौ. शकुन श्यामकांत टिपणीस यांच्या पासपोर्टास कोणीही हात लावू नये.

आपल्या नकाराचा अभिलाषी,

(श्यामकांत वामन टिपणीस)
बेहाला, कोलकाता
दिनांक : आजचा

सोबत : जावयाचा दाखला जोडायचा होता. तो जोडलेला नाही.