त्या दिवशी कारखान्यात कोणी नव्हतं

१८ मार्च, मंगळवार

शून्य लिहून आले!

लांज्याच्या पुढचा अनिलशेठचा काजू कारखाना. मागास भागात उद्योग काढला म्हणून सरकारने अनुदान दिलेला. फाइलीत कामगार बेचाळीस, सगळ्या त्या गावातल्याच बायका. अनुदानाने गावाचं खरंच काही भलं झालं का, ते आम्ही जाऊन बघायचं. न सांगता जायचं – पुण्याच्या ऑफिसचा नियम. गेले. सकाळचे साडेअकरा, आणि फाटकावर फक्त एक म्हातारा वॉचमन. आत टेबलं रिकामी, बिया फोडायची यंत्रं झाकून ठेवलेली. "आज कोनी येनार नाय," एवढंच म्हणाला. का, ते मी विचारलं नाही. सतरावा रोजा, पूर्णगडपासून स्कुटी हाणत आलेले, घसा कोरडा पडलेला. मनात म्हटलं, घ्या! कागदावर बेचाळीस आणि प्रत्यक्षात भोपळा. फोटो काढले, टॅबमध्ये आकडा भरला, पाठवून दिला.

खरं सांगायचं तर मजा वाटली. चोर पकडल्यासारखी.

१९ मार्च

पुण्याच्या ऑफिसातून सरांचा फोन. "शाब्बास समरीन! असं काम पाहिजे." अम्मीला दोनदा सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

मी गाढव आहे. गाढव!

लांज्याच्या स्टँडवर दुसऱ्या कामासाठी उभी होते. एक बाई जवळ आली. पन्नाशीची असेल. बोटांची कातडी काळी पडून सोललेली – काजूच्या टरफलातलं तेल खातं तशी. "मंगळवारी कारकान्यावर आलीवतीस ती तूच ना गो?" कमळाकाकी नाव. तीन वर्षं तिथे बिया फोडते. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही सगळ्या होता कुठे? तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी विलायतेहून उतरले.

"पालकी व्हती ना घराला! वरसातना एकदा देवी दारात येते, आनी आमी काय बिया फोडीत बसू?"

शिमगा. होळी गुरुवारी झाली, म्हणजे माझ्या डोक्यात शिमगा संपला. पण होळीनंतर देवीची पालखी घरोघर फिरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, काही ठिकाणी पाडव्यापर्यंत चालतं. सव्वीस वर्षं याच जिल्ह्यात काढली मी! शाळेत अर्धा वर्ग या दिवसांत गायब असायचा. पुण्याच्या माणसाने ही चूक केली असती तर पोट धरून हसले असते. आणि वॉचमनला एक "का" विचारायला काय झालं होतं मला?

काकीला शून्याचं सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

२२ मार्च

सरांना सगळं सांगितलं. "नोंद लॉक झाली, समरीन. आता बदलत नाही. आणि बदललीस तर लोक काय म्हणतील? पाकीट घेतलं!" हवं तर पुन्हा जाऊन शेरा जोड म्हणाले. शेरा कोणी वाचतं का, हे विचारायचं राहिलं. की मुद्दामच नाही विचारलं.

२४ मार्च, सोमवार

बेचाळीस! दोनदा मोजल्या. एकूण एक हजर. यंत्रांची खटखट, भाजलेल्या बियांचा वास, आणि सगळ्या एकदम बोलतायत. कमळाकाकीने हात वर करून हाक मारली. इतकं हलकं वाटलं की रडूच येईल असं झालं. अनिलशेठ स्वतः बाहेर आला, "या मॅडम, चहा –" मग रोजा आठवून जीभ चावली. मंगळवारचं शून्य त्याला सांगून टाकलं, तो नुसता हसला. माणूस वाईट नाही वाटला.

तिथेच थांबायला हवं होतं मी. पण फॉर्ममध्ये सतरावा प्रश्न आहे: अनुदान मिळालं नसतं, तर या लोकांनी काय केलं असतं? हा प्रश्न सगळे जण मोकळा सोडतात. मी सोडला नाही. चूक भरून काढायची होती ना!

"काय केला असता म्हंजे?" काकी म्हणाली. "आदी करीत व्हतो तेच. बियाच फोडीत व्हतो. येसूबाईकडं."

कारखान्याच्या आधी गावात पाच घरांच्या पडव्यांत काजू फोडायचे. येसूबाईकडे नऊ जणी, दुसरीकडे आठ, तिसरीकडे दहा. कारखाना आला. बी जास्त भावाने उचलायला लागला, अनुदानाच्या जोरावर. पाचही घरांना बी मिळेनाशी झाली. बायका सगळ्या इकडे आल्या. वहीत आकडे मांडत गेले – पाच घरांची बेरीज एक्केचाळीस.

एक्केचाळीस होत्या, बेचाळीस झाल्या. सरकारच्या एवढ्या पैशाने गावात एक काम वाढलं. एक!

आणि त्या बेचाळिसाव्या बाईला विचारलं, तू आधी काय करायचीस? ती म्हणाली, "मी तवा बालंतीन व्हते."

२५ मार्च

येसूबाईकडे गेले. सत्तरीची बाई, ताठ कण्याची. पडवी रिकामी. फोडायची यंत्रं दोन वर्षांपूर्वीच भंगारात घातली. म्हणाली, "त्येंचा दोष नाय गो. थय पंका हाय, संडास हाय, हातात मोजे मिळतात. माज्याकडं काय व्हता?" मोजे मिळतात हे खरं. काकी घालत नाही, मोज्यात बी निसटते म्हणते.

२६ मार्च

काय लिहू?

"बेचाळीस कामगार" लिहिलं तर सोयीचं, आणि खोटं. "नवा रोजगार जवळपास शून्य" लिहिलं तर खरं. पण वाचणारा काय करील? कारखाना निरुपयोगी म्हणेल, अनुदानाचा शेवटचा हप्ता अडवेल, अनिलशेठ कुलूप घालील. आणि आता पाच पडव्या नाहीत परत जायला. म्हणजे कारखान्यानेही या बायकांचं काम घालवलं नाही, ते माझ्या खरेपणाने जाईल. आणि त्या फोटोंतली रिकामी टेबलं आधीच पुण्यात जाऊन बसलीत!

अम्मी इफ्तारचं ताट वाढताना म्हणाली, "समरीन, जीवाला इतका लावून घेव नको." जीवाला नको लावून तर कशाला लावू? बेचाळीस घरांच्या चुली आहेत त्या.

२७ मार्च

पाठवलं. सगळं खरं लिहिलं – पालखी, बेचाळीस, पाच पडव्या. शेवटी हात जोडून लिहिलं की हप्ता थांबवू नका, इथे आता दुसरं काम उरलेलं नाही. सरांनी उत्तरात अंगठा पाठवला.

२९ मार्च, शनिवार

कारखाना बंद.

काकीचा फोन आला. "तू शून्य लिवलंस? आमच्या पालकीच्या दिसाला? शेटनी आमाला सगळ्यांना उबा करून सांगितलान, मॅडमनी शून्य लिवला, सरकारनी पैसं थांबवलं, आता कुलूप!" मी काहीतरी म्हणत होते, मी नंतर खरं पाठवलंय काकी, दुरुस्ती – "तुजी दुरुस्ती काय चुलीत घालू?"

फोन ठेवला तिने. मी ओट्यावर बसून राहिले. समोर खाडी भरत होती, मचवे आत येत होते, माणसं मासळी उतरवत होती. सगळ्यांना काम होतं.

३१ मार्च

ईद. नवे कपडे घातले, अम्मीसाठी. मामू म्हणाले, सरकारी कामात आहेस, आमच्यासाठी सरकारकडे काहीतरी माग. हसले मी.

२ एप्रिल

जाऊन आले. हेल्मेट काढायच्या आत बायका जमल्या. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ट्रकमध्ये यंत्रं चढत होती. वॉचमन म्हणाला, दुसऱ्या जिल्ह्यात चाललीत. येसूबाई पडवीत उभी राहून बघत होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं – म्हण शाळेत पाठ केली होती, आज माणसांवर बसलेली पाहिली.

परत येताना पावस गावाच्या अलीकडे स्कुटी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला मोठ्याने रडले. एक रिक्षावाला थांबून विचारून गेला.

मी केलं हे. बेचाळीस बायका. एक "का" विचारला असता तर!

४ एप्रिल

सरांना राजीनामा पाठवला. "भावनिक होऊ नकोस." मान्य केला नाही, नाकारलाही नाही. तीन रात्री झोप नाही. डोळा लागला की रिकामी टेबलं दिसतात.

७ एप्रिल, सोमवार

अनुदान देणाऱ्या रत्नागिरीच्या सरकारी ऑफिसात गेले. अर्ज घेऊन – चूक माझी आहे, शिक्षा मला करा, हप्ता सोडा. टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर करून वाचला. परत वाचला. उठून फाइल आणली.

"कुठला हप्ता थांबलाय म्हणता?"

शेवटचा.

"अहो, तो जानेवारीतच गेला. तीन वर्षं कारखाना चालवायची अट होती, ती डिसेंबरात संपली. आता तो मोकळा आहे, कुठेही जाऊ दे." नोंद बोटाने दाखवली. जानेवारी. माझ्या मंगळवारच्या दोन महिने आधी! म्हटलं, मग आमची पाहणी? "ती वेगळी हो. अहवाल येतो, आम्ही कपाटात ठेवतो. तुमचा अजून उघडलेला नाही."

नवीन जागेसाठी नवीन अनुदानाचा अर्जही त्याने टाकलाय. त्यात रोजगार: बेचाळीस.

तो जाणारच होता. माझं शून्य त्याला आयतं सापडलं, बायकांना सांगायला. जिना धावतच उतरले. सुटले म्हणून की संतापाने, कळत नव्हतं.

८ एप्रिल

कमळाकाकीकडे गेले. सगळं सांगितलं. ती ओट्यावर हाताला खोबरेल चोळत होती, ऐकत राहिली.

"म्हंजे तू कायबी लिवला असतास, तरी त्यो जानारच व्हता?"

हो, काकी.

"आनी बेचाळीस लिवला असतास तरी?"

तरीही.

तिने हाताचं तेल पदराला पुसलं. मग तेलाची बाटली बंद केली. रागाने नाही, अगदी खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं –

"मगे तू कशाला आलीवतीस, बाय?"