गरम ठिपके

३ मार्च
पोहोचले एकदाची. बोटीत पोटातलं सगळं ढवळून निघालं, पण बेटावर पाय टेकले आणि हसूच आलं. लेक धक्क्यावर उभी होती, उन्हानं रापलेली, केसांचा झाडू झालेला. इथला स्वयंपाकी काम सोडून गेला म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे, की आई स्वयंपाकही करते आणि रागावतेही, दोन्ही एकाच पगारात.

हे गेल्यापासून एका ताटापुरतं शिजवत होते. इथे लेक, तिचे मोठे सर, बोट चालवणारे दादा आणि मी. मोठं पातेलं घासताना बरं वाटलं.

५ मार्च
लेकीचं काम थोडं कळलं. बेटाभोवतीचा समुद्र एकदम खोल होत जातो, त्यामुळे सील खायला शार्क अगदी जवळ येतात. त्यांच्या पाठीत ती बोटाएवढी नळी टोचते. नळी कुठे आहे, किती खोल आणि भोवती ऊब किती, हे पलीकडच्या खोलीतल्या पडद्यावर दिसतं. प्रत्येक शार्कचा एक ठिपका. एक थोराड मादी बाकीच्यांना हुसकावून लावते, तिचं नाव आत्याबाई. माझ्या नणंदेला कळलं तर माझी धडगत नाही.

पाण्यात उतरणारी माणसंही पट्ट्याला तसलीच नळी लावतात, म्हणजे वर बसलेल्याला त्यांचा पत्ता असतो. हे मला आवडलं.

ह्यांच्या रद्दीच्या दुकानात गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. इथे कपाटभर पुस्तकं आहेत. खालच्या कप्प्यापासून सुरुवात केलीय.

९ मार्च
सकाळी धक्क्यावर भांडी विसळत होते. खाली उथळ पाण्यात शार्क दाटीवाटीनं उभे. सील त्यांच्या नाकासमोरून जात होते, एकानंही तोंड उघडलं नाही. दादा म्हणाले, एवढी वर्षं बोट हाकतोय, असलं काही पाहिलं नाही. लेक म्हणाली की शार्कना खाणारा किलर व्हेल आला की ते पळ काढतात, पण खोल समुद्राकडे. किनाऱ्याला चिकटून बसत नाहीत.
मला ते घाबरलेल्या गुरांसारखे वाटले.

१२ मार्च
धक्क्याखालचे शार्क गेले. आत्याबाईचा ठिपका एकाएकी गरम झाला. लेकीनं समजावलं, की मासा एवढा गरम नसतो. कुणा गरम रक्ताच्या प्राण्यानं तिला खाल्लंय आणि नळी त्याच्या पोटात आहे. किलर व्हेलच असणार. मग नाक ओढून म्हणाली, बिचारी स्वभावानं वाईट होती, मनानं नाही. मी तिला जवळ घेतलं.

१४ मार्च
सगळेच ठिपके गरम. सगळे एकाच जागी आणि एकत्र सरकतात.
जेवताना लेकच म्हणाली, की व्हेलला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. हे ठिपके काल सकाळपासून तळाशी आहेत.
कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

१५ मार्च
सर म्हणतात यंत्र बिघडलंय. नळ्यांचे संकेत टिपायला खडकापाशी पाण्यात बसवलेलं ते यंत्र बदललं की ठिपके सुधारतील. लेक उद्या उतरणार. मी नको म्हटलं. चिऊ, सामानाचं जहाज येईपर्यंत थांब म्हटलं. ती म्हणाली, आई, खरंच तिथे काही असेल तर ते मला बघायचंय, आणि नसेल तर भीती कसली.
हे असते तर त्यांचं तरी ऐकलं असतं. मला मेलीला तिला अडवता येत नाही.

१६ मार्च
गेले. ती आणि दादा. जाताना माझ्या पदराला हात पुसून गेली.
पडद्यासमोर बसलेय. दोघांचे ठिपके पाण्याइतकेच गार. गार आहेत तोवर ठीक, असं सर म्हणाले. सारखी तेच म्हणतेय — गार आहेत, गार आहेत —

बाकीचे ठिपके तिकडे सरकताहेत.

दादांचा गरम झाला.

तिचा —

सरांनी पडदा बंद केला. मी पुन्हा लावला.

१७ मार्च
बोट रिकामी तरंगतेय. दुर्बिणीतून दिसते. जहाज यायला अवकाश आहे.
सर मला पाणी पाजतात. म्हणतात, तिला कळलंही नसेल.
तिच्या नळीची ऊब तापातल्या अंगाएवढी. लहानपणी ताप आला की माझा हात सोडायची नाही. मी उभ्यानंच रात्र काढायची —
नको.

१८ मार्च, दुपार
ठिपके पहिल्यांदाच वर येताहेत. बेटाकडे. तिचा सगळ्यांच्या पुढे —
सर दाराला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, ती नाहीये ती. मी म्हटलं, सर, ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. एकटी आहे तिथे. बाजूला व्हा.
झाले.

धक्क्याच्या पायरीवर बसलेय. ऊन चांगलं आहे. लाट नाही. पाण्याला हात लावला, कोमट —
सर खिडकीतून ओरडताहेत, की मागे या, ठिपका पायरीखाली —

काही दिसत नाही. पाणी श्वास घेतल्यासारखं —
चिऊ, मी आहे गं, इथेच बसलेय तुझ्या