श्वेनताईंचं यंत्र तिसऱ्यांदा नापास

४ मार्च
श्वेनताईंनी बनवलेलं सोयादुधाचं यंत्र आमच्या तपासणी खोलीत आज पुन्हा नापास. वायरीतून बाहेर पडणारा विजेचा गोंगाट मर्यादेच्या वरच. हा गोंगाट आपल्या कानाला कळत नाही, शेजारच्या रेडिओला कळतो. बाईंनी मोटर बदलली, फिल्टर बसवला, तरी आलेख जागचा हलला नाही. यंत्र टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पुढ्यात ठेवलं नि निघाल्या. घरी, थेट बिएन होआ गावापर्यंत, भर उन्हात.
नापासाच्या शेऱ्याखाली सही माझी.

५ मार्च
डोक्यातून जात नाही. फिल्टर तो गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देतो. मग आलेख जरा तरी खाली यायला हवा होता. त्यांचं अर्थिंग मी तपासलंय.
आमचं?

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत माप घेणाऱ्या पेटीचा बोल्ट काढला. ही पेटी जमिनीवरच्या पत्र्याला उघड्या धातूवर घट्ट टेकलेली हवी, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. बोल्टखाली राखाडी रंग, वीज अडवणारा! तेतच्या, नववर्षाच्या सणाआधी पाहुणे येणार म्हणून आमच्या खिएमसाहेबांनी खोली रंगवून घेतली, पत्र्यासकट. आणि मी म्हटलं होतं, छान दिसतंय.
रंग खरवडला. बोल्ट आवळला.

८ मार्च
महिला दिन. साहेबांनी आम्हा सगळ्यांना एकेक गुलाब दिला.
श्वेनताईंना यंत्र घेऊन बोलावलं. पास — चांगलं ऐसपैस पास. मग रंगाचं सांगितलं. महिनाभर दीर त्यांना म्हणत होता, वहिनी, हे आपलं काम नाही, सोडून द्या. मला वाटलं आता बोलतील मला. त्यांनी विचारलं ते वेगळंच.
"आणि न्यान, गेल्या महिनाभरात जी पास झाली, ती?"

११ मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही. अकरा जणांची घरं ह्या खोलीवर चालतात, माझंही.
"आता बोल्ट घट्ट आहे ना? मग जुनं उकरून काय मिळणार, पोरी?"


१२ मार्च
रंगकामानंतर पास केलेली यंत्रं नऊ. नमुने कपाटातच होते. सगळी पुन्हा लावली.
पाच नापास. पाचही दुकानांत पोचलीत.
साहेब यायच्या आत पाच कंपन्यांना पत्रं पाठवली, पासचा शेरा चुकीचा होता म्हणून. खाली सही माझी.