श्रावणातली अंडी

बाबा, आपल्या घरात नवा फ्रिज आला आहे आणि तो इंटरनेटला जोडलेला आहे. तुम्ही खनिजाच्या ट्रकावर चालक होतात तेव्हा आणलेला जुना फ्रिज बिचारा मुका होता. श्रावणाच्या आदल्या दिवशी त्यातली उरलीसुरली मासळी, सुंगटंसुद्धा, तुम्ही एकट्याने संपवायचात आणि वर आम्हालाच सुनवायचात, "देवाच्या म्हयन्यांत फ्रिज बाटूंक नाका म्हूण खातां हांव!" हा नवा मात्र काय संपलं ते स्वतःच ओळखतो आणि परस्पर मागवतो.

माझी पदवी झाली, पुण्यात नोकरी लागली, आणि गावी सर्वणात आई एकटी उरणार होती. पिशव्या घेऊन डिचोलीचा बाजार करणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. यंत्रं बाईला मोकळं करतात यावर माझा विश्वास आहे, म्हणून पहिल्या पगारातून हप्त्यावर हा फ्रिज घेतला. आईने त्याच्या काचेला कुंकू लावलं.

मग श्रावण लागला. आईने फ्रिज रिकामा करून धुतला. अंड्यांचा कप्पा रिकामा दिसताच त्याचा जीव कासावीस झाला असावा. पहिल्या सोमवारी शेजारणी देवळातून येऊन आपल्या ओसरीवर चहा पीत बसल्या आहेत, आणि डिलिव्हरीवाला दारातून ओरडतो, "आंटी, अंडी आली!"

"आमचीं न्हय!"

"पत्ता हाच आहे."

शेजारची काकी कप खाली ठेवून म्हणाली, "अगो, आमी सगळ्यांनी पाळलो, तुज्या फ्रिजान मात सोमार मोडलो!"

आईचा लगेच मला फोन. "ह्या तुज्या फ्रिजाक सांग, म्हयनोभर शिवराक खावपाचें, अंडीं न्हय म्हूण." मी ॲप पालथं घातलं. त्यात सुट्टीची सोय होती, पार्टीची होती, श्रावणाची नव्हती. आपोआप मागवणं बंद करावं तर दूधही बंद होत होतं.

पुढच्या सोमवारी फोनवर फ्रिजमधलं सामान दिसलं: अंडी, बारा. मी हादरले.

"आई, अंडी कुठून आली?"

"अंड्यांच्या कप्प्यांत लिंबां दवरल्यांत. ताका कितें कळटा!"

मला राग आला. "अशी फसवायला लागलीस तर तुझं खरं काय चाललंय ते मला इथे कसं कळणार?"

ती म्हणाली, "बाये, तूं अंडीं मोजूंक फोन पळयना, हें म्हाका खबर आसा. फ्रिजाचें दार उगडलें की तुका फोनार दिसता मगो? उठल्या उठल्या हांव तेंच उगडटां. कांय नाका आसलें तरी."

बाबा, हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणून लिहिते. यंत्रांवरचा विश्वास वगैरे ठीक आहे, पण सकाळी ती दाराची खूण दिसेपर्यंत मी इथे चहासुद्धा टाकत नाही. आईला सांगू नका.