मला ऐकू आलं नाही

लॉग्रोन्यो,
मंगळवार, ११ मार्च

प्रिय उशियाताई,

शिंपल्यांचे डबे पोचले. सहापैकी दोनच उरलेत, यावरून तब्येत ठीक आहे असं समज. कानातल्या नव्या यंत्रांनी शेजारच्यांची भांडणंही ऐकू येतात म्हणालीस. चला, तुझी करमणूक झाली. भावजींना नमस्कार.

"फोन उचलत नाहीस, पत्रं कसली लिहितोस? प्रेमात पडलास का?" असं तू विचारलंस. नाही गं. सराव असतो, दमतो.

शनिवारचा सामना तू टीव्हीवर पाहिलाच असशील. कोपऱ्यातून उंच चेंडू आला, मी उडी मारली, आमचा गोलकीपर जोनायही झेपावला आणि माझं डोकं त्याच्या जबड्यावर आदळलं. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. मोडल्याचं मला माझ्या कवटीत कळलं.

आमच्यात नियम साधा आहे. असा चेंडू आला की गोलकीपर "माझा!" म्हणून ओरडतो आणि आम्ही बचाववाले बाजूला होतो. सामन्यानंतर कोच फेर्मीन लालबुंद झाले होते. "ब्राइस, सगळ्यात जवळ तू होतास. ओरडला का तो?"

"मला ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

ताई, वाक्य खरं होतं.

"बघा! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती याने?" फेर्मीन म्हणाले. जूनमध्ये जोनायचा करार संपतो. न ओरडणाऱ्या गोलकीपरला कोण ठेवून घेणार, अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली. मी बुटांच्या नाड्या सोडत बसलो.

आईचे कान मासळीच्या कारखान्यातल्या यंत्रांनी गेले, असं आपण म्हणायचो. पण तू तर कारखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतंस. पस्तिशीत तुला ऐकू येईनासं झालं तेव्हा "तूही तपासून घे" म्हणालीस आणि मी हसलो होतो. माझा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. म्हणून मी डाव्या बाजूला खेळायचं मागून घेतलं, म्हणजे सगळे उजव्या कानाकडे राहतील. त्या कडेला सावली असते, म्हणून पोरं चिडवतात, "आजोबांना सावली लागते!" उन्हाळ्यात कानांच्या तपासणीत आवाजाचं बटण दाबणाऱ्या नर्सच्या अंगठ्याकडे बघून बोट वर केलं नि सुटलो. आता उजवाही चाललाय. समोरच्याचे ओठ वाचतो, निभावतं. गोलकीपर मात्र कायम पाठीशी असतो.

आज सरावात बदली गोलकीपर कितीदा ओरडला, मला माहीत नाही. चेंडू वर गेला की माझे पाय थिजतात. मागून कोण येतंय, किती जवळ आलंय, काही कळत नाही. शनिवारी जबडा मोडला. येत्या रविवारी कुणाची मान?

काल हॉस्पिटलात गेलो होतो. जोनायचा जबडा तारांनी बांधलाय. तो दातांच्या फटीतून काहीतरी म्हणाला. ओठ हललेच नाहीत. मला एक अक्षर कळलं नाही आणि सवयीने मी मान डोलावली. हो, हो.

त्याने डोळे मिटून घेतले.

त्याची बायको यायसा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "हो काय, ब्राइस? तो विचारतोय, 'मी ओरडलोच नाही का?' दोन दिवस 'ओरडलो, ओरडलो' म्हणून लिहून दाखवत होता. आता त्यालाच वाटायला लागलंय, डोक्याला मार बसून भ्रम झालाय."

तिचे ओठ स्वच्छ दिसत होते. एकही शब्द निसटला नाही. मी संत्री टेबलावर ठेवली आणि पळालो. हो, पळालोच.

चेंडू अडवण्यापलीकडे मला काही येत नाही, ताई. हे बाहेर पडलं की तेहतिसाव्या वर्षी मी घरी.

उद्या सरावाआधी जोनायकडे जातोय, तिथून फेर्मीनकडे. तोंडी बोलायला गेलो तर पुन्हा भलत्याच जागी मान हलवेन, म्हणून कागदावर लिहून ठेवलंय: "तू ओरडला असशीलच. मी बहिरा आहे." शेवटून दुसरा शब्द तीनदा खोडला. चौथ्यांदा राहू दिला.

हे पत्र आत्ताच पेटीत टाकून येतो. सकाळी धीर सुटला, तरी तुला कळलेलं असेल. मग मला कुठे पळायला जागा उरणार नाही.

अक्षर समजून घे.

तुझा,
ब्राइस